चूक कोणाची?

"आई, मी काही नाही केलं गं!" आमचे आठ वर्षांचे चिरंजीव रडवेल्या आवाजात सांगत होते आणि मी ऐकून घ्यायला तयार नव्हते.

गोष्ट जानेवारीतली. मंडळाच्या शनिवारच्या मराठी शाळेची तयारी करायला लॅपटॉप उघडला, तर 'कट्ट' असा आवाज झाला. डावीकडची बिजागरी उचकटली आणि स्क्रीनखालचं प्लास्टिक दुभंगलं. आदल्या संध्याकाळी त्यावर लेक गेम खेळला होता. झालं, आरोपी सापडला!

लॅपटॉप घेऊन चौदाच महिने झाले होते. इंग्लंडला येताना शाळेतली नोकरी सोडली, तेव्हा मिळालेल्या फंडाच्या पैशांतून तो घेतला होता. माझ्या स्वतःच्या कमाईची ती शेवटची वस्तू, म्हणून राग जरा जास्तच आला.

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं : वापरणाऱ्याकडून झालेलं नुकसान, शिवाय वर्षाची वॉरंटी संपलेली. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्मा! दुकानदार म्हणाला, "कंपनीशी बोला." नवरा म्हणाला, "जाऊ दे, नवीन घेऊ." पण माझ्यातली शिक्षिका काही गप्प बसेना.

मग इथला 2015 चा ग्राहक हक्क कायदा वाचून काढला. वस्तू समाधानकारक दर्जाची आणि पुरेशी टिकाऊ असण्याची जबाबदारी, ज्याला आपण पैसे दिले त्या दुकानदाराची असते. पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला, तर तो मुळातच होता असं धरलं जातं. त्यानंतर मात्र ते आपल्याला दाखवून द्यावं लागतं. इंग्लंडमध्ये अशी मागणी सहा वर्षांपर्यंत करता येते. कंपनीची वॉरंटी संपली म्हणून हा हक्क संपत नाही.

आमच्या हाय स्ट्रीटवरच्या गुजराती दुरुस्तीवाल्या काकांनी लॅपटॉप उघडून दाखवला. बिजागरीचे स्क्रू ज्या बारीक पितळी नळ्यांत बसतात, त्या नुसत्या पातळ प्लास्टिकमध्ये रोवलेल्या. बिजागरी घट्ट, त्यामुळे रोजच्या उघडझापीची सगळी ओढ त्या प्लास्टिकवर. "पडल्याची, आपटल्याची कुठे खूण नाही, बेन," काका म्हणाले आणि तसं लिहूनही दिलं.

घरी येताना दुकानदारापेक्षा लेकाचाच चेहरा डोळ्यांसमोर येत होता. कंपनीनं मला न तपासता जे सुनावलं, तेच मी त्याला सुनावलं होतं. वर्गात पुरावा नसताना मी कधी कोणाला शिक्षा केली नव्हती, आणि घरात? त्या रात्री त्याला जवळ घेऊन म्हटलं, "माझं चुकलं रे." त्यानं लगेच माफ केलं.

काकांचं पत्र जोडून दुकानाला दोन पत्रं लिहिली. अखेर लॅपटॉप फुकट दुरुस्त होऊन आला. सोबतच्या पत्रात 'सदिच्छा म्हणून' असे शब्द होते. दोष होता, असं कुठेही नाही.

मोठ्या कंपन्यांचंही तेच. ॲपलनं 2015 पासून मॅकबुकमध्ये बसवलेल्या 'बटरफ्लाय' कीबोर्डच्या कळा अडकायच्या, एकच अक्षर दोनदा उमटायचं. ग्राहक दावे करू लागले, तेव्हा 2018 मध्ये मोफत दुरुस्तीची योजना आली. 2022 मध्ये अमेरिकेतला दावा 5 कोटी डॉलर देऊन मिटवायचं ठरलं, पण चूक केल्याचं कंपनीनं मान्य केलं नाही. पैसे देणं आणि चूक कबूल करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा उमगलं.

तेव्हा मैत्रिणींनो, पावत्या जपून ठेवा, तक्रार लेखी करा आणि आधी दुकानदाराला गाठा. आणि घरात काही मोडलं तर पोरांवर ओरडण्याआधी एकदा स्क्रू तपासा!

परवा लेकानं विचारलं, "आई, मग त्या कंपनीनं तुला सॉरी म्हटलं?"

"नाही रे."

"तू तर मला म्हणालीस," तो म्हणाला आणि खेळायला पळाला.