दिमोनाची पालेभाजी



दिमोना म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे वाळवंट येते, आणि ते खोटे नाही. बेर शेवाहून बस निघाली की दोन्ही बाजूंना पिवळी टेकाडे. यहोशवाच्या पुस्तकात, १५ व्या अध्यायात, यहूदाच्या गावांच्या यादीत दिमोना हे नाव आहे. आताचे गाव वसले १९५५ साली. कोकणातून, मुंबईतून आलेली आपली माणसे इथे राहायला लागली तेव्हा बाजारात काकडी, टोमॅटो, कोबी भरपूर. पण मेथी, माठ, घोळ, अळू कुठे?

मजा अशी की त्यातल्या निम्म्या भाज्या आमच्या आधीच इथे येऊन बसल्या होत्या. नावे तेवढी वेगळी होती.

आमच्या इमारतीमागच्या वाफ्यातच पाहा. उन्हाळ्यात नळाजवळ जमिनीला चिकटून मांसल पानांची वेल पसरते. हिब्रूत तिला ‘रेगलत हगिना’ म्हणतात. अहो, ती आपली घोळ! तिच्या शेजारी उगवणारा ‘यरबुझ’ म्हणजे माठाचाच भाऊ. आणि मसाल्याच्या दुकानातली ‘हिल्बे’ म्हणजे मेथी. तेमानी शेजारीण तिचे दाणे भिजवून फेसते, आम्ही तेच दाणे मातीत टाकतो. दाट पेरायचे, वरून बोटभर माती. तीन-चार आठवड्यांत भाजी कापायला येते.

कोथिंबिरीला इथे ‘कुस्बरा’ म्हणतात. मुलांनो, तोरामध्ये मान्ना धण्यासारखा होता असे लिहिले आहे, ते हेच धणे. पेरण्याआधी लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा. सुक्कोथनंतर ऊन उतरले की पेरा. उन्हाळ्यात पेरलेली कोथिंबीर पाने धरण्याआधीच फुलावर जाते.

अळू मात्र लाडावलेले. त्याला सावली हवी, सतत ओल हवी. म्हणून आमच्याकडे ते एसीच्या नळीखाली लावले आहे. उन्हाळाभर ठिबकणारे पाणी त्यालाच. थंडीत पाने पिवळी पडतात, पण कांदा उपटू नका. ऊब आली की पुन्हा फुटतो. बाकी वाफ्याला ठिबकची नळी आहे. ती पद्धत जगभर पोचवणारा हात्झेरिम किब्बुत्झ आपल्या नेगेवमधलाच.

पाऊस पडला की न पेरता येते ती खुबेझा. पान गोल, पंख्यासारखे चुण्यांचे. १९४८ मध्ये येरुशलायमला वेढा पडला, भाजीपाला बंद झाला, तेव्हा लोकांनी माळावरून हीच खुडून आणून दिवस काढले. कोकणात ती आम्ही खाल्ली नव्हती. मोरोक्कन शेजारणींनी दाखवली, आम्ही तिला आपली फोडणी दिली.

ती अशी: कोवळी पाने देठापासून खुडा, बारीक चिरा. तेलात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मग कांदा. हळद, मीठ, आणि वर पाला. पाणी घालू नका, झाकण ठेवून स्वतःच्याच ओलाव्यात शिजू द्या. उतरवताना खोबरे. दूध नाही, मांस नाही, म्हणून कुठल्याही जेवणाबरोबर चालते. भाकरी असली तर फारच छान!

खुडताना चार गोष्टी पाळा. रस्त्याकडेचा पाला नको, तिथे औषध मारतात. घोळीसारखी दिसणारी एक वेल असते. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर टाकून द्या, घोळीला चीक नसतो. अळू शिजवताना चिंच विसरू नका, नाहीतर घसा खवखवेल. आणि प्रत्येक पान भिजवून, धुऊन, उजेडाकडे धरून पाहा. किडा पोटात जाणे कश्रुतमध्ये बसत नाही. हे काम नातवंडांना द्या, त्यांचे डोळे चांगले.

नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, ताटात ‘सिल्का’ आणि ‘रुबिया’ ठेवतात. सिल्का म्हणजे बीटचा पाला. रुबिया म्हणजे मेथी, असे राशीने सांगितले आहे. आज पुष्कळ घरी त्या जागी चवळी असते. आम्ही वाफ्यातली मेथीची जुडी ठेवतो.

पण ही जुडी ओळखणारी माणसे कमी होत चालली आहेत. पोरांना यरबुझ माहीत आहे, माठ नाही. आजीला घोळ माहीत आहे, रेगलत हगिना नाही. दोघे एकाच वाफ्यात उभे राहून एकाच पाल्याला परके समजतात. तेव्हा आजी-आजोबांनो, गुडघे दुखत असले तरी खुर्ची टाकून वाफ्याजवळ बसा. आणि मुलांनो, एक वही घ्या. एका बाजूला पान चिकटवा, दुसऱ्या बाजूला दोन्ही नावे लिहा. पाऊस झाला की पहिले पान खुबेझाचे लावा. तिला मराठी नाव काय द्यायचे, ते आजीला विचारा.