नाव टिकावं म्हणून

तंजावरात लग्नाचं, नवरात्रात बाहुल्या मांडतात त्या कोलूचं किंवा साठीशांतीचं बोलावणं असलं की परतताना हातात तांबूलाची पिशवी येतेच. त्यात नारळ, पानसुपारी आणि एखादी भेटवस्तू असते. पूर्वी ही भेट म्हणजे स्टीलची वाटी नाहीतर पेला, आणि त्यावर यजमानाचं नाव टिंबाटिंबांनी कोरलेलं. आता पुष्कळ जण दुहेरी भिंतीचे टंबलर देतात. त्यावर वधूवरांची नावं, तारीख, एखादं कमळ किंवा समई रंगीत व्हिनाइलमधून कापून चिकटवून हवी असते. राजवाड्याजवळच्या आमच्या घरात, माडीवरच्या खोलीत मी हेच काम करते. नावं बहुतेक तमिळमध्ये असतात, काही इंग्रजीत. आमच्या तंजावरी मराठी घरांतून मागणी आली, तर देवनागरीत.

गिऱ्हाईक रंग विचारतं, भाव विचारतं आणि शेवटी हमखास विचारतं, “अक्का, हे टिकेल ना?” माझं सगळं काम या प्रश्नाभोवती फिरतं.

मध्यंतरी ओळखीच्या एक बाई दुसरीकडून करून घेतलेला टंबलर दाखवायला आल्या. नाव जागेवर होतं, पण अक्षरांभोवती करडी रेघ दिसत होती. भिंगाखाली धरला तेव्हा उलगडा झाला. अक्षराची कड केसभर उचलली गेली होती आणि खाली साबणाचा साका बसला होता. व्हिनाइल मधून कधी सुटत नाही, ते कडेने सुटतं. एकदा पाणी आत शिरलं की रोजच्या घासण्याबरोबर ते पुढे सरकत जातं. त्यामुळे राखायची असते ती कड.

या बाबतीत प्रत्येक लिपीची तऱ्हा वेगळी. तमिळ अक्षरं गोलसर; त्यांना टोकं कमी, म्हणून ती छान धरून बसतात. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, एकेक जपावं लागतं. देवनागरीत शिरोरेघ सगळा शब्द एकत्र धरून ठेवते, पण मात्रा आणि रफार यांची टोकं बारीक असतात आणि पहिल्यांदा तीच उचलली जातात. म्हणून देवनागरी नाव मी थोड्या जाड वळणाचं घेते आणि टोकं किंचित गोल करते. कापण्याआधी संगणकावर सगळे आकार एकमेकांत जोडून घ्यावे लागतात. तसं केलं नाही, तर जिथे मात्रा शिरोरेघेला भिडते तिथे मशीनचं पातं आडवा छेद देतं आणि एका शब्दाचे तुकडे होतात. शब्दात जितके छेद, तितक्या जास्त कडा.

व्हिनाइल कुठलं घ्यायचं हेही महत्त्वाचं. ओराकल ६३१ भिंतीवरच्या सजावटीसाठी असतं आणि पुढे काढता येतं. ६५१चा गोंद कायमचा धरतो. रोज पाण्यात जाणाऱ्या वस्तूला ६५१सारखंच हवं.

आता चिकटवण्याचं. नव्या टंबलरवर कारखान्यातल्या तेलाचा पुसट हात असतो आणि वर आपल्या बोटांचा. आधी भांड्याच्या साबणाने धुऊन कोरडा करायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. कापड धागे न सुटणारं हवं. त्यानंतर जिथे नाव येणार तिथे बोट लावायचं नाही. ट्रान्सफर टेपवर उचललेलं नाव आधी मधोमध टेकवायचं आणि स्क्वीजीने मधून कडेकडे दाबत जायचं, म्हणजे हवा बाहेर पडते. टंबलर खाली निमुळता असतो, त्यामुळे सरळ ओळ त्यावर वाकडी दिसते. अशा वेळी नाव ताणून सरळ करायचा मोह होतो. ताणलेलं व्हिनाइल मात्र हळूहळू मूळ मापावर येतं आणि येताना कड मागे ओढतं. म्हणून ओळच आधी कमानीत आखायची आणि टेपला वरून खालून बारीक चिरा द्यायच्या, म्हणजे ती गोलाईवर आपोआप बसते. टेप काढताना ती जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून, सावकाश मागे घ्यायची. सरळ वर ओढली, तर टोकं तिच्याबरोबर येतात.

हे झालं की किमान एक दिवस हात लावायचा नाही. दाबाने चिकटणाऱ्या गोंदाला पुरतं धरायला वेळ लागतो. धुण्याआधी मी तीन दिवस जाऊ देते.

रोज वापरायच्या टंबलरवर यानंतर इपॉक्सीचा पारदर्शक थर देते. रेझिन आणि हार्डनर डब्यावर लिहिलेल्या मापाने घ्यायचे. माझ्याकडचं समभाग आहे. ते सावकाश ढवळायचं, कारण घाई केली की बुडबुडे धरतात. टंबलर आडवा, मोटरवर संथ फिरत असतो. त्यावर हातमोजे घातलेल्या बोटाने पातळ थर पसरायचा आणि वर आलेले बुडबुडे हीट गनच्या एका ओझरत्या झोताने फोडायचे. थर घट्ट होईपर्यंत काही तास मोटर बंद करायची नाही, नाहीतर सगळं एका बाजूला ओघळतं. ओठ लागतात त्या काठाखाली बोटभर पट्टी मी टेप लावून कोरीच ठेवते, पिताना तोंडाला स्टीलच लागलं पाहिजे. कच्चं इपॉक्सी अंगाला लागून त्वचेला कायमची ॲलर्जी होऊ शकते, त्यामुळे हातमोजे आणि उघड्या खिडक्या यांत तडजोड नाही.

आमच्या गावची हवा या कामाला सोपी नाही. वैशाखात पारा चाळिशीला जातो, तेव्हा कपात कालवलेलं इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने भराभर घट्ट होतं. म्हणून उन्हाळ्यात पहाटे बसायचं आणि थोडंथोडंच कालवायचं. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येचा मान्सून, आणि दिवाळीची मागणी नेमकी त्यातच येते. ओल्या हवेत थरावर मेणचट साय धरते. ती साबणाच्या पाण्याने धुतल्याशिवाय वरचा थर धरत नाही. त्या दिवसांत मी खोलीतलं दमटपणाचं मीटर बघूनच डबा उघडते आणि तारखा लांबच्या देते.

गल्लीत एक वयस्क चित्रकार तंजावर शैलीची चित्रं करतात. फळीवर कापड, त्यावर खडूपूड आणि गोंदाचे थर, मग सोन्याचा वर्ख, खडे, आणि सगळं झाल्यावर वर काच. खालचा थर सुकल्याशिवाय ते वरच्याला हात घालत नाहीत. ते मला म्हणाले, “वरची काच धूळ अडवते. चित्र टिकतं ते खालच्या थरामुळे.” इपॉक्सीलाही हे लागू पडतं. तेलकट स्टीलवरचं नाव वरच्या थराने वाचत नाही.

एक काम मात्र मी घेत नाही. कापी, म्हणजे कॉफी, पिण्याच्या एकेरी पत्र्याच्या डवरा-टंबलरवर (वाटी-पेल्यावर) नाव चिकटवून, वर इपॉक्सी घालून कुणी मागितलं, तर नको म्हणते. वाफाळती कापी ओतली की पत्रा बाहेरूनही चटका देतो, आणि आपल्याकडे मिळणारी बरीचशी इपॉक्सी तेवढ्या उष्णतेने मऊ पडतात. वर ते पेले पावडर घालून नारळाच्या काथ्याने खसाखसा घासले जातात. दुहेरी भिंतीचा टंबलर बाहेरून गार राहतो, त्यावरच हा थर शोभतो. एकेरी पेला आणणाऱ्याला मी भांड्यांच्या दुकानात नाव कोरून द्यायला बसणाऱ्या अण्णांकडे पाठवते.

कोरलेल्याचं बळ या गावाला सांगावं लागत नाही. राजराज चोळाने बृहदीश्वराला दिलेल्या सोन्यारुप्याच्या भांड्यांची वजनासकट नोंद देवळाच्या दगडावर हजार वर्षं आहे. त्याच देवळात दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. माझ्या कामाचं वय तेवढं नाही आणि तसं मी कुणाला सांगतही नाही. पण लग्नातलं नाव रंगात हवं, नातवंडाच्या नावाशेजारी हत्ती हवा, तर ते चिकटवूनच होतं, आणि त्यातही प्रामाणिकपणे करण्यासारखं पुष्कळ आहे.

प्रत्येक टंबलरबरोबर मी तमिळ आणि मराठीत छापलेली चिठ्ठी देते. हाताने, मऊ स्पंजने धुवा. काथ्या, तारेची घासणी आणि डिशवॉशर नको. रात्रभर पाण्यात भिजत ठेवू नका. उन्हात ठेवू नका, थर पिवळा पडतो. “टिकेल ना?” या प्रश्नाला माझं उत्तरही आता ठरलेलं आहे: कडेपर्यंतची जबाबदारी माझी, त्यापुढची ही चिठ्ठी पाळणाऱ्याची. हे ऐकून कुणी कोरलेलाच पेला घ्यायचं ठरवलं, तर अण्णांच्या दुकानाचा पत्ता मी आनंदाने सांगते.