दांडा बसवताना

प्रिय अन्या,

गॅरेजात सापडलेल्या तुझ्या कुऱ्हाडीचा फोटो मिळाला. पातं झकास आहे रे! गंज तारेच्या ब्रशने जाईल तेवढा जाऊ दे, पण आरशासारखं चमकवायच्या नादी लागू नकोस. लोक लोखंड घासण्यात रविवार घालवतात आणि बाजारचा दांडा दहा मिनिटांत ठोकून मोकळे होतात. खरी मेहनत दांड्याला हवी.

नेढ्यात अडकलेलं जुनं लाकूड काढायला पातं विस्तवात टाकू नकोस. आपल्याकडे सर्रास चुलीत सारतात आणि पात्याचं पाणी उतरवून बसतात; मग कितीही धार लावा, टिकत नाही. ड्रिलने भोकं पाड आणि लाकूड ठोकून बाहेर काढ.

नव्या दांड्यासाठी तुमच्याकडे हिकरीचं लाकूड मिळतं, म्हणजे तुझी चैनच. इथे तिच्या तोडीची धामण. लवचिक, हादरा पिऊन टाकणारी. धनुष्यं करायचे तिची! पण ती मिळायला जंगलाकाठची ओळख लागते, म्हणून बहुतेकांचं बाभळीवर भागतं. सागाचं नाव काढू नकोस. कपाटाला उत्तम, पण घाव सोसायचा त्याचा पिंड नाही. हल्ली तर कुदळीला लोखंडी पाइपच जोडून देतात. मोडत नाही खरा, पण मुरमावर चार घाव घातले की कोपरापर्यंत झिणझिण्या.

दांडा निवडताना त्याचं टोक बघ. तिथल्या वलयांच्या रेषा पात्याच्या दिशेने उभ्या हव्यात, आडव्या नकोत. कुदळीचा दांडा वरून घालतात, जाड टोक नेढ्यात आपोआप आवळत जातं, पाचर लागत नाही. कुऱ्हाडीचा खालून जातो, म्हणून वरच्या चिरेत पाचर. घाई इथेच नडते. दांडा घाल, काढ. लाकूड जिथे दबून काळं पडलं असेल तेवढंच कानशीने उतरव, पुन्हा घाल. मग कुऱ्हाड उलटी, पातं खाली लोंबतं धरून दांड्याच्या बुडावर लाकडी हातोडा मार. पातं आपल्या जडपणामुळे जागच्या जागी राहतं आणि दांडा त्यात शिरत जातो. पहिल्यांदा बघशील तेव्हा जादूच वाटेल!

लाकूड मात्र पूर्ण वाळलेलं हवं, नाहीतर तुमच्या हीटरच्या हवेत ते आकसेल आणि पातं डुगडुगेल. अशा वेळी बादलीत बुडवून ठेवायची आजोबांची युक्ती करू नकोस. लाकूड फुगतं, नेढ्यात चेपतं आणि वाळल्यावर आधीपेक्षा ढिलं होतं. पाचर बदल.



दांड्याला व्हार्निश नको, फोड येतात हाताला. जवसाचं तेल चोळ, पण त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, आपोआप पेट घेतात. बाहेर मोकळ्या पसरून वाळव, वहिनी काहीही म्हणोत.

तुझा,
बाळ्या