विजापूरचा नगारखाना आणि घरातली गाठोडी

सोलापूरहून विजापूर साधारण शंभर किलोमीटर. एस.टी.ने निघालो की टाकळीजवळ भीमा लागते आणि पूल ओलांडला की कर्नाटक सुरू होते. सरकारदरबारी या शहराचे नाव २०१४ पासून विजयपूर आहे. आमच्या घरात मात्र आजही विजापूरच म्हणतात. बकरी ईद उरकली की वर्षातून एकदा आम्ही दोघे तिकडे जातो. या वेळी दहा वर्षांची नातही बरोबर होती.

आम्ही दोघे म्हणजे नवरा-बायको. एकाची उमर तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या संग्रहालयात अभिरक्षक म्हणून गेली, दुसरीची उर्दू शाळेत शिकवण्यात. संग्रहालय कसले, जुन्या वाड्यातल्या तीन खोल्या. एकीत वीरगळ आणि मूर्ती, दुसरीत तलवारी, नाणी, कुलुपे, अडकित्ते, तिसरीत कागद. कागद दोन लिप्यांतले असत. मोडी एकाला वाचता येई, फारसी अक्षरे दुसरीला. शाळा सुटली की ती संग्रहालयात यायची आणि दिवे लागेपर्यंत आम्ही कागद लावत बसायचो. म्हणून या नोकरीबद्दल सांगताना आमच्या तोंडी 'आम्ही' असेच येते.

टाकळीच्या पुलावर गाडी आली तेव्हा नात खिडकीतून पाणी बघत होती. आम्ही दोघे गप्प होतो. या पुलावर आम्ही नेहमीच गप्प होतो. त्याचे कारण पुढे सांगू.

विजापुरात उतरलेला पाहुणा थेट गोल घुमटाकडे जातो. मुहम्मद आदिलशाहचा हा मकबरा. १६५६ साली त्याचा इंतकाल झाला आणि इथेच त्याला दफन केले. आतून सुमारे ३८ मीटर रुंदीचा घुमट मधे एकही खांब नसताना उभा आहे. कोपऱ्यावरच्या सातमजली मनोऱ्यातून जिना चढून वर गेले की सज्जात टाळी वाजवावी आणि ती पुन्हा पुन्हा ऐकावी. नातीनेही ते सगळे केले. पण घुमटाकडे जाताना वाटेत एक भारदस्त कमानीची इमारत लागते. तो नगारखाना. एके काळी इथे नगारे झडत. आता तिथे पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. विजापुरात १८९२ साली सुरू झालेला हा संग्रह १९८२ मध्ये खात्याकडे आला. बहुतेक लोक त्याच्या सावलीत उभे राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. आम्ही आधी आत जातो.

खाली दगड आहेत. मूर्ती, वीरगळ, आणि कन्नड, संस्कृत, अरबी, फारसी लेखांच्या शिळा. एकाच छताखाली इतक्या लिप्या पाहिल्या की हा मुलूख कुणा एकाचा कधीच नव्हता, हे वेगळे सांगावे लागत नाही. नातीने एका शिळेवरची 'बिस्मिल्लाह' अक्षरे ओळखली आणि काचेला नाक लावून पुढचे वाचू लागली. वर शस्त्रे, नाणी, चित्रे, हस्तलिखिते, चिनी मातीची भांडी आणि आसार महालातले जुने गालिचे आहेत.

संग्रहालयात काम केलेल्या माणसाची नजर वस्तूवर कमी आणि तिच्या कोपऱ्यावर जास्त जाते. तिथे बारीक अक्षरात एक क्रमांक लिहिलेला असतो. वस्तू आली की पहिले काम तो क्रमांक देण्याचे. मग नोंदवहीत लिहायचे : वस्तू काय, लांबी-रुंदी-वजन किती, हालत कशी, कुठून आली, कुणी दिली, कोणत्या तारखेला. शेवटचे तीन रकाने सर्वांत महत्त्वाचे. तलवार कुणाच्या घरातून आली हे लिहिलेले नसेल तर ते नुसते लोखंड राहते. घर आणि गाव लिहिले की तीच तलवार त्या गावाचा इतिहास सांगू लागते. आमच्या नोकरीतला निम्मा वेळ हे रकाने भरण्यात आणि आधीच्यांनी रिकामे सोडलेले रकाने पाहून हळहळण्यात गेला.

ही रीत इंग्रजांनी आणली असे आम्हालाही पूर्वी वाटे. तसे नाही. नगारखान्यातून निघालो की आम्ही आसार महालाकडे जातो. समोर मोठा हौद, पुढे उंच लाकडी खांब. मुहम्मद आदिलशाहने ही इमारत न्यायदानासाठी बांधली. पुढे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे मू-ए-मुबारक इथे ठेवले गेले, म्हणून आसार महाल. याच इमारतीत आदिलशाही कुतुबखान्यातली उरलेली पुस्तके होती. चारशेहून अधिक हस्तलिखिते, बहुतेक अरबी. त्यांतल्या अनेकांच्या कोऱ्या पानांवर कुतुबखान्याचे शिक्के आहेत आणि पुस्तक केव्हा दाखल झाले त्याच्या नोंदी आहेत. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी या शहरात आमच्यासारखाच कुणीतरी बसून रकाने भरत होता. त्याचे नाव आम्हाला ठाऊक नाही, पण त्याची आठवण आली की आपल्या पेशातला कुणी बुजुर्ग भेटल्यासारखे वाटते.

ती पुस्तके आज इथे नाहीत. १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले, त्याबरोबर विजापूरही इंग्रजांकडे गेले. १८५३ मध्ये ही हस्तलिखिते लंडनला रवाना झाली. ती आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिथे ती जपली गेली, त्यांची यादी छापली गेली, हेही खरेच. पण विजापूरच्या मुलाला आपल्या शहरातली किताब पाहायची तर दर्या ओलांडावा लागतो.

त्यानंतरच्याच वर्षी, १८५४ मध्ये, विजापुरातले पडीक सामान विकून टाकण्याचा हुकूम निघाला. त्यात मुलूख-मैदान तोफही होती. अहमदनगरला १५४९ साली मुहम्मद बिन हुसेन रूमीने ओतलेली, सुमारे ५५ टनांची तोफ. लिलावात बोली गेली १५० रुपये. इतक्या मोलाच्या तोफेला ही रक्कम फारच थोडी, असे वरच्या अधिकाऱ्याला कळवले गेले आणि विक्री रद्द झाली. तोफ आजही बुरुजावर आहे. ती पाहताना आम्हाला दरवेळी वाटते की, त्या वर्षी ज्याने कागदावर दोन ओळी लिहून वर पाठवल्या, त्याच्यामुळे ती वाचली. संग्रहालयाचे काम म्हणजे याहून निराळे काय असते? कुणीतरी वेळेवर थांबायचे आणि दोन ओळी लिहायच्या.

सुलतानांच्या वस्तूंचे असे काहीबाही होत राहिले. काही गेल्या, काही राहिल्या. पण आपल्यासारख्यांच्या घरांचे काय? गावचा मुलाणा, काझी, खतीब, दर्ग्याचा मुजावर, अत्तार, पिंजारी, मोमीन विणकर यांचा इतिहास कोणत्या काचेच्या पेटीत आहे? तो आहे, पण आपल्या घरातल्या पेट्यांत. आणि गंमत अशी की, तो बराचसा मराठीत आहे. पहिल्या इब्राहीम आदिलशाहने हिशेबाचे दप्तर फारसीऐवजी इथल्या लोकभाषेत आणले, असे विजापूरच्याच दरबारात इतिहास लिहिणाऱ्या फरिश्त्याने नोंदवले आहे. त्या काळच्या कितीतरी कागदांवर फारसी मजकूर आणि मोडी मराठी मजकूर एकत्र सापडतात. दर्ग्याच्या दिवाबत्तीसाठी दिलेली जमीन, उरुसाचा खर्च, मुलाण्याचा हक्क, हे सारे मोडीत लिहिलेले असते.

एक प्रसंग सांगतो. एका दुपारी एक वयस्क आपा नातवाला घेऊन संग्रहालयात आल्या. हातात हिरव्या कापडाचे गाठोडे. म्हणाल्या, "साहेब, हे नदीत सोडायला निघाले होते. पोरगा म्हणाला, आधी इथं दाखवू." आत कुरआन शरीफची जीर्ण पाने होती, एक पंचसूरा होता आणि तळाशी घडी केलेला एक लांब कागद. पाने आम्ही अदबीने बाजूला ठेवली आणि त्यांना परत दिली. लांब कागद मोडीत होता, माथ्यावर फारसी अक्षरे. ती पाहूनच घरच्यांनी तो पाक समजून जपला होता आणि तो पाक म्हणूनच आज पाण्यात जाणार होता.

कागदावरची तारीख अशी होती : 'सबा खमसैन अलफ'. आम्ही मुद्दाम मोठ्याने वाचली. मकतबात जाणारा तो पोरगा चटकन म्हणाला, "सात, पन्नास, हजार!" अगदी बरोबर. हा सुहूर सन. जुन्या मराठी कागदांत वर्ष असे अरबी आकड्यांत लिहीत, आधी एकं, मग दहं. मृग लागला की हा सन बदले. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. १०५७ म्हणजे १६५६-५७, मुहम्मद आदिलशाहचा इंतकाल झाला तेच साल. कागद मूळ नव्हता, नंतर कुणी उतरवून घेतलेली नक्कल होती. पण दर्ग्याच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या जमिनीचा तो दाखला होता, आणि त्यात आपांच्या सासरच्या पूर्वजाचे नाव होते. ते ऐकताच आपांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. जणू कुणी वडीलधारे खोलीत आले होते.

त्यांनी कागद संग्रहालयाला दिला नाही. "जमिनीचा आहे, घरातच बरा," म्हणाल्या. आम्ही आग्रह केला नाही. फोटो घेतला, वाचन लिहून दिले, वहीत नोंद केली : मूळ कागद मालकाकडे. अभिरक्षकाचे काम लोकांचे घर रिकामे करणे नव्हे.

आता पुलावरच्या शांततेबद्दल. हा प्रसंग घडायच्या तीन-चार वर्षे आधी आमच्याच घराची डागडुजी निघाली होती. माळ्यावर अब्बांची एक गोणपाटाची पिशवी होती. त्यात जुन्या किताबांची पाने आणि पिवळे कागद होते. अब्बा म्हणाले, "उर्दू-अरबी आहे, पायाखाली यायला नको. भीमेत सोडून या." आम्ही दोघे गेलो. टाकळीच्या पुलावरून पिशवी पाण्यात सोडली, दरूद पढला आणि परत आलो. गावोगाव जाऊन लोकांना 'घरातले कागद दाखवा' म्हणणारे आम्ही, पण घरची पिशवी सोडून पाहिली नाही. पाक कागदांचा अदब राखायलाच हवा. आमची चूक ती नव्हती. काय आहे ते न पाहताच सगळे एकत्र सोडले, ही चूक होती. आपांचा कागद वाचला त्या रात्री आम्हाला दोघांनाही झोप आली नाही. अब्बा तोवर अल्लाहला प्यारे झाले होते. विचारायला कुणी उरले नव्हते.

म्हणून वाचक भगिनी-बंधूंना एवढीच विनंती. लग्नासाठी, रमजानसाठी घर साफ करताना जुने गाठोडे निघाले तर आधी उघडा. कुरआनची पाने वेगळी काढा, त्यांचे काय करायचे ते आपापल्या आलिमांना विचारा. बाकीचे कागद वाचता येत नाहीत म्हणून टाकू नका. हात धुऊन, कोरडे करून कागद हाताळा. घडी जबरदस्तीने उलगडू नका. फाटले तर चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक पुढे कागद खातो. लॅमिनेशन तर मुळीच नको. गंजलेल्या टाचण्या अलगद काढा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते, त्यापेक्षा धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. जुनी दप्तरे अशाच कापडात बांधत, त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. उन्हात वाळत घालू नका. कसर आणि वाळवी लागली आहे का ते पावसाळ्यानंतर एकदा पाहा. फोटो काढा आणि एका चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून ठेवा : हे कुणाचे, कुठे सापडले, घरातले बुजुर्ग याबद्दल काय सांगतात. मग मोडी वाचणाऱ्याला किंवा जवळच्या संग्रहालयाला दाखवा. देणे न देणे तुमच्या मर्जीवर.

संध्याकाळच्या गाडीने परत निघालो. भीमेच्या पुलावर नातीने विचारले, "नाना, तुम्ही दोघं इथं का बोलत नाही?" तिला पिशवीची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली.

"मग त्यात काय होतं?"

"माहीत नाही, बेटा."

"नानीला अरबी येते, तुम्हाला मोडी येते. मग उघडली का नाही?"

गाडी पूल ओलांडून टाकळीकडे लागली. आम्ही एकमेकांकडे पाहिले. तिला द्यायला आमच्याकडे जवाब नव्हता.