अलास्काला निघताना

अलास्काच्या बोटींचा मोसम एप्रिलच्या अखेरीस सुरू होतो आणि ऑक्टोबरात संपतो. तयारी मात्र आदल्या दिवाळीच्या फराळाबरोबरच सुरू करावी. बोटीवरची सहल म्हणजे सारे आयते, आपण फक्त आरामखुर्चीत बसायचे, अशी जी समजूत आहे ती निदान अलास्कापुरती खरी नाही. जेवण आयते मिळते, गादी आयती मिळते; पण डोळ्यांना काय दिसणार हे सात-आठ महिने आधी घरच्या टेबलावर नकाशा पसरून ठरलेले असते. एकदा बोट धक्क्यावरून सुटली की ‘जरा त्या बाजूने घ्या हो’ असे कप्तानाला सांगण्याची सोय नाही.

आमच्या घरी हा नकाशा २०२३ च्या दिवाळीत पसरला. धाकटी बहीण सिएटलला असते. तिचा फोन आला, ‘‘दादा, जूनमध्ये आईला घेऊन ये. वहिनी, मुलं, सगळेच या. आपण बोटीने अलास्काला जाऊ.’’ आई, आम्ही दोघे, आमची थोरली कन्या व धाकटे चिरंजीव, बहीण आणि मेहुणे अशी सात माणसे झाली. सात माणसे म्हणजे सात मते, हे सांगायला नकोच.

अलास्काचा आकार पाहूनच प्रथम छाती दडपते. महाराष्ट्रासारखी पाच राज्ये त्यात मावतील आणि वर जागा उरेल. अमेरिकेने हा मुलूख १८६७ साली रशियाकडून ७२ लाख डॉलरना विकत घेतला तेव्हा पुष्कळांनी या सौद्याची टिंगल केली होती. सहलीच्या बोटी मात्र बहुतेक करून त्याच्या आग्नेयेकडच्या चिंचोळ्या पट्टीत, बेटांच्या आडोशाने फिरतात. त्यांचे मुख्य प्रकार दोन. एक सिएटल किंवा व्हँकूव्हरहून निघून सात दिवसांत तिथेच परत येणारी. दुसरी व्हँकूव्हरहून निघून वर उत्तरेला सोडून देणारी, म्हणजे परतीला पुन्हा विमान. बहिणीचे घर सिएटलला, तेव्हा पहिला प्रकार ठरायला वेळ लागला नाही.

वेळ लागला तो हिमनदी ठरवायला. जाहिरातीत ‘हिमनदी-दर्शन’ असे सगळेच लिहितात. ती कोणती, हे विचारून घ्यावे. ‘ग्लेशियर बे’ या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या बोटींना प्रवेश आहे आणि तो परवाना मोजक्याच कंपन्यांकडे असतो. आमच्या घरी या एका गोष्टीवर तडजोड होणार नव्हती, आणि त्याचे कारण आई. तीस वर्षे तिने शाळेत भूगोल शिकवला. हिमनदी, हिमोढ, लोंबती दरी हे सारे तिने खडूने फळ्यावर काढले आणि पुसले. प्रत्यक्षात तिने पाहिलेला सर्वांत मोठा बर्फ म्हणजे लग्नकार्याला लाकडाच्या भुशात गुंडाळून येणारी लादी!

आणि ग्लेशियर बे हे तर भूगोलाचे उघडे पुस्तक. १७९४ साली कप्तान व्हँकूव्हरच्या मोहिमेतली माणसे तिथे गेली तेव्हा आज जिथे उपसागर आहे तिथे बर्फाची भिंत होती; किनाऱ्याला जेमतेम एक खाच. १८७९ साली जॉन म्यूर हा निसर्गप्रेमी लेखक तिथे पोहोचला, तोवर ती भिंत चाळीस मैलांहून अधिक मागे हटली होती. आज बोट साठाहून अधिक मैल आत जाते. त्याआधी, अठराव्या शतकात, हाच बर्फ उलट पुढे सरकत आला होता आणि तिथल्या ट्लिंगिट लोकांना त्याने गावे सोडायला लावली होती. त्यांच्या वंशजांचे सभागृह त्या उपसागराच्या काठी २०१६ साली पुन्हा उभे राहिले.

आता कागदपत्रे. येथे १८८६ चा एक अमेरिकन कायदा आडवा येतो. परदेशी निशाणाच्या बोटीला नुसत्या अमेरिकन बंदरांमधून उतारूंची अशी फेरी करता येत नाही. वाटेत एखादे परके बंदर घ्यावेच लागते. सहलीच्या मोठ्या बोटी जवळजवळ सगळ्या परदेशी निशाणाच्या, म्हणून सिएटलची बोट परतताना संध्याकाळी चार घटका कॅनडातल्या व्हिक्टोरियाला लागते. (२०२१ साली साथीमुळे कॅनडाने आपली बंदरे बंद ठेवली, तेव्हा अमेरिकेला त्या मोसमापुरता खास कायदा करावा लागला होता.) या चार घटकांसाठी भारतीय पासपोर्टाला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. शिवाय व्हिक्टोरियाला गेलो म्हणजे अमेरिका सोडली, म्हणून अमेरिकेचा व्हिसाही अनेक वेळा प्रवेश देणारा हवा. दोन देश, पाच पासपोर्ट, फोटोंची दोन निरनिराळी मापे. हे काम आमच्या सौभाग्यवतींनी एका फायलीत लावले. त्या फायलीला हात लावण्यापूर्वी विचारावे लागे.

खर्चाचा हिशेब मांडताना एक ध्यानात ठेवावे. जाहिरातीतले भाडे माणशी असते, तेही खोलीत दोघे आहेत असे धरून. त्यावर कर, बंदरपट्टी, नोकरवर्गाची माणशी रोजची बक्षिशी, आणि बंदरात उतरून जे जे पाहाल त्याचे वेगळे. खोल्यांचे भाव तर नाट्यगृहासारखे: बिनखिडकीची, खिडकीची, सज्जाची. आई म्हणाली, ‘‘मला आतलीच घ्या. झोपल्यावर डोळे मिटलेलेच असतात.’’ अखेरीस आम्ही आतल्या खोल्या घेतल्या आणि आई व थोरली यांना सज्जाची दिली. हा खर्च मला योग्यच वाटला. ज्याला जिने चढवत नाहीत त्याला समुद्र खोलीशी आणून द्यावा.

खरा प्रश्न तो जिन्यांचाच होता. आईचे वय शहात्तर आणि दोन्ही गुडघे झिजलेले. डॉक्टरांचे मत, शस्त्रक्रिया आधी करावी आणि सहल पुढच्या वर्षी. मलाही ते पटत होते. रात्री जेवणे झाल्यावर मी तसे म्हणालो तर आई शांतपणे म्हणाली, ‘‘गुडघे चार वर्षं असेच आहेत, आणखी सहा महिने राहतील. पुढच्या वर्षी मी कशी असेन ते तुमचे डॉक्टर लिहून देतात का?’’ घरात दोन दिवस कोणी फारसे बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनीच तोड काढली: डॉक्टरांना पुन्हा भेटायचे आणि ‘जाऊ का’ असे न विचारता ‘जायचे तर काय करावे लागेल’ असे विचारायचे. प्रश्न बदलला तसे उत्तरही बदलले. पायांचे व्यायाम, जानेवारीपासून रोज आवारात फेऱ्या, विमानतळांवर चाकाची खुर्ची, आणि बोट धक्क्याला लागते की लहान होडीतून उतरावे लागते याची प्रत्येक बंदराबाबत आधी चौकशी. विमाही सत्तरीपुढच्यांचा वेगळा असतो. त्यात जुनी दुखणी खरी खरी लिहावीत. भर समुद्रातून हेलिकॉप्टरने रुग्णाला नेण्याची वेळ आली तर त्याचे बिल सातजणांच्या भाड्याहून मोठे व्हायचे.

सामानाच्या बाबतीत इतिहास उद्बोधक आहे. १८९७-९८ साली क्लोंडाइकच्या सोन्यासाठी माणसे याच वाटेने स्कॅगवेला उतरली, तेव्हा कॅनडाचे पोलीस खिंडीत उभे राहून प्रत्येकाजवळ वर्षभराची शिधासामग्री आहे की नाही ते पाहत. हत्यारे-अवजारे धरून हे ओझे माणशी टनाच्या घरात जाई. एकट्या पिठाचेच चारशे पौंड! आमच्या मातोश्रींची पहिली यादी याच थाटाची होती. त्यातली विजेची किटली, इस्त्री आणि भाताचा कुकर ताबडतोब गळाले, कारण आगीच्या भयाने बोटीवर ही उपकरणे चालत नाहीत. घरचे शिजवलेले अन्नही नेता येत नाही. बंद पाकिटातला चिवडा चालतो. भारतीय शाकाहारी जेवण हवे असल्यास तिकीट काढतानाच कळवावे. कळवले तर वरणभात मिळतो, आणि सहाव्या दिवशी त्याची किंमत कळते.

कपड्यांत एक जाड कोट नेण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे. वर पाणी न शिरणारे जाकीट हवेच. पहिले बंदर केचिकन, आणि तिथे वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पाऊस. महाबळेश्वरला याहून जास्त पडतो, पण आपला पाऊस चार महिन्यांत कामे उरकून जातो. तो बारा महिने मुक्कामाला असतो. आईने कानटोपी नेली. तिला हसणाऱ्या नातवाने पाचव्या दिवशी तीच उसनी मागितली. दुर्बीण मात्र घरटी एक नेऊ नये, दोघांत तरी एक असावी. देवमासा पाण्यावर येतो तो पाळी लावून पाहण्याइतका थांबत नाही. आणि ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी आधी घ्यावी. सिएटल सोडल्यावरचा दिवस बहुधा उघड्या समुद्रात जातो.

बंदरांबद्दल थोडक्यात. जूनो ही अलास्काची राजधानी, पण तिला बाहेरून येणारा रस्ताच नाही; विमानाने या नाहीतर बोटीने. येणाऱ्यांची दाटी इतकी की २०२४ पासून दिवसाला पाचच मोठ्या बोटी, असा करार शहराने कंपन्यांशी केला आहे. गावाबाहेर मेंडेनहॉल हिमनदी आहे. तिच्यासमोरचे प्रेक्षागृह १९६२ साली बांधले तेव्हा बर्फ जवळ होता, आता मधल्या तळ्याच्या पलीकडे पाहावा लागतो. स्कॅगवेला १९०० साली पुरी झालेली तीन फुटी रुळांची आगगाडी आहे. वीस मैलांत ती जवळजवळ तीन हजार फूट चढते. माथेरानच्या गाडीवर वाढलेल्या चिरंजीवांनी, आपली गाडी दोन फुटीच आहे, म्हणजे तीच अधिक कठीण, असा निकाल दिला.

ग्लेशियर बेला बोट सकाळीच शिरली. उद्यानाचे रक्षक वाटेत बोटीवर चढतात आणि ध्वनिक्षेपकावरून माहिती देतात. दुपारच्या सुमारास मार्जरी हिमनदी समोर आली. मैलभर रुंद, पाण्यावर अडीचशे फूट उंच, आणि भेगांतून निळी. घट्ट दाबलेला बर्फ प्रकाशातला तांबडा भाग गिळतो म्हणून तो निळा दिसतो, हे आईने दोघा-तिघा परक्या मुलांना मराठी-इंग्रजीत समजावून सांगितले. कप्तान बोट जागच्या जागी सावकाश फिरवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या लोकांना दर्शन होते. मधूनच तोफ उडाल्यासारखा आवाज होतो आणि एक कडा पाण्यात जातो. आवाज येईतो तो पडून गेलेला असतो.

सगळी बोट निळ्या हिमनदीचे फोटो काढत होती. आईची दुर्बीण उजवीकडे, एका काळ्या मातकट ढिगाऱ्यावर स्थिरावली होती. ‘‘अगं, तो डोंगर नाही,’’ ती थोरलीला म्हणाली, ‘‘तो हिमोढाखाली झाकलेला बर्फ आहे. त्या रक्षकबाईंना विचार बघू.’’ थोरली विचारून आली. आजीचे बरोबर होते. ती ग्रँड पॅसिफिक हिमनदी. हा सगळा उपसागर एके काळी तिनेच भरलेला होता.

जेवणाची वेळ टळत होती. सौभाग्यवतींनी दोनदा हाक मारली. आई दुर्बीण न काढता म्हणाली, ‘‘तुम्ही जेवून या, मी आहे इथे.’’ मग चिरंजीवच वरणभाताची बशी वर घेऊन आले आणि कानटोपी सावरत तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले.