वसईच्या कोटात एक दिवस

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात युरोप खंड शिकवीत असता एका विद्यार्थ्याने आम्हास विचारले, "सर, युरोपातले जुने शहर दिसते तरी कसे?" पुस्तकात होते तेवढे आम्ही सांगितले. भोवती दगडी तट, तटास वेशी, आत रस्ते, मध्ये चौक, चौकालगत चर्च आणि चर्चचा उंच मनोरा. उत्तर चुकीचे नव्हते. परंतु ते मुलापर्यंत पोहोचले नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते. ज्याने मलकापूरच्या पलीकडे आगगाडीने प्रवास केला नाही, त्याला लिस्बन काय नि रोम काय, दोन्ही नकाशावरील ठिपकेच. ह्यात त्याचा दोष नव्हता.

घरी आल्यावर विचार करता ध्यानात आले की, असे एक शहर आपल्या महाराष्ट्रातच आहे. युरोपी लोकांनी ते आपल्या रीतीने बांधले, सुमारे दोनशे वर्षे ते तेथे नांदले, आणि आज ते ओसाड पडले आहे. वसईचा किल्ला तो हाच. पोर्तुगीज लोक त्यास 'बसाईं' म्हणत. डिसेंबर महिन्यात बावीस विद्यार्थी, आमच्या एक सहकारी बाई आणि आम्ही, असे ते पाहावयास गेलो. पालकांनी विश्वासाने मुले आमच्या स्वाधीन केली, म्हणूनच हे घडले. त्या प्रवासाचा वृत्तांत त्यांना सादर करणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

मोताळ्याहून मलकापूर, मलकापुराहून रात्रीच्या गाडीने दादर, आणि तेथून लोकलने वसई रोड असा आमचा मार्ग होता. भाईंदर सोडल्यावर गाडी खाडीच्या पुलावर आली. त्या वेळी भरती होती. आमच्यापैकी बहुतेकांनी नळगंगा धरणाहून मोठे पाणी पाहिले नव्हते. एक मुलगी ओरडली, "सर, ह्या धरणाची भिंत कोठे आहे?" डब्यातील मंडळी हसली. आम्हास मात्र तिचा प्रश्न आवडला. आपण पाहिलेल्या वस्तूच्या मापानेच मनुष्य न पाहिलेली वस्तू मोजतो. दुसरे माप त्याने आणावे कोठून?

किल्ल्याच्या भूदरवाजापाशी आमचे वाटाडे उभे होते. वसईतील एका स्नेह्याचे ते चुलते. वय सत्तरीच्या पुढे, सारे आयुष्य केळीच्या वाडीत गेलेले, धर्माने कॅथलिक ख्रिस्ती. मुले त्यांना लगेच 'काका' म्हणू लागली. आम्ही प्रॉटेस्टंट मिशनच्या शाळेत वाढलो. तेव्हा एका धर्माचे असूनही उपासनेच्या रीतीत त्यांच्यात नि आमच्यात अंतर होते. ते पहिल्या पाच मिनिटांतच मिटले, कारण काकांनी प्रथम मुलांनी न्याहरी केली की नाही याची चौकशी केली.

आम्ही रात्र जागून एक वही तयार केली होती. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांस तहाने दिली, येथपासून आमचे व्याख्यान सुरू झाले. काकांनी ते थोडा वेळ ऐकून घेतले आणि मग नम्रपणे म्हणाले, "सर, साल जेवताना सांगा. आता उन्हं चढायच्या आत पोरांना चालू द्या." आम्ही वही पिशवीत ठेवली. पुढे दिवसभर शिकणाऱ्यांत आमचीही गणना झाली, हे कबूल केले पाहिजे.

वेशीतून आत जाणारा रस्ता सरळ नाही. तो वळण घेतो. "असा का?" काकांनी विचारले. कोणास सांगता येईना. तेव्हा त्यांनी दोन मुलांना बाहेरून धावत येण्यास सांगितले. वळणावर दोघांचाही वेग मोडला. शत्रूचे घोडे नि हत्ती एका दमात आत घुसू नयेत, ही त्यातील युक्ती. जी गोष्ट समजावण्यास आम्हास फळ्यावर आकृती काढावी लागली असती, ती मुलांच्या पायांना क्षणात कळली.

आत गेल्यावर शहर हळूहळू उलगडू लागले. वड-पिंपळांची मुळे भिंतींत शिरली आहेत, छपरे केव्हाच गेली आहेत, तथापि रस्त्यांची आखणी अद्याप कळते. फ्रान्सिस्कन संन्याशांच्या चर्चमध्ये जमिनीवर थडग्यांच्या शिळा ओळीने बसविलेल्या आहेत. त्यांवर पोर्तुगीज अक्षरे नि घराण्यांची चिन्हे कोरलेली आहेत. मुले त्यांवरून चालू लागताच काकांनी हाताने खूण केली आणि सारी रांग कडेने गेली. येशूसंघाच्या चर्चचा दर्शनी भाग आपल्या खांबांसह उभा आहे. ह्याच वसईत सोळाव्या शतकात गोन्सालो गार्सिया जन्मला. त्याचा बाप पोर्तुगीज होता आणि आई ह्याच देशातील. जपानात नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्यास श्रद्धेसाठी वधस्तंभावर मरण आले, आणि १८६२ साली रोमच्या चर्चने त्याची संतांत गणना केली. भारतात जन्मलेला तो पहिला संत होय.

त्यापुढे संत योसेफाचे मोठे चर्च लागले. १६०१ साली त्याची पुनर्बांधणी झाल्याचा लेख तेथे होता. त्याचा मनोरा आजही उभा आहे. ज्या मुलाने वर्गात प्रश्न विचारला होता, तो मनोऱ्याकडे मान वर करून बराच वेळ पाहत राहिला. "सर, असेच असते ना?" आम्ही म्हटले, "असेच." मग त्याने विचारले, "आणि घंटा?" मनोऱ्यात घंटा नव्हती. काका म्हणाले, "ती तुमच्या वाटेवर भेटेल." ह्याचा अर्थ मुलांना तेव्हा कळला नाही.

दुपारी झाडाखाली शिदोऱ्या सोडल्या आणि आम्हास वही उघडण्याची परवानगी मिळाली. थोरल्या बाजीरावांचे बंधू चिमाजी आप्पा यांनी १७३७ साली पोर्तुगीजांविरुद्ध मोहीम सुरू केली. किल्ल्याच्या बहुतेक बाजूंस समुद्र, खाडी नि दलदल. तेव्हा मराठ्यांनी जमिनीच्या बाजूने वेढा घातला आणि तटाखाली सुरुंग खणले. १७३९ च्या मे महिन्यात संत सेबास्तियनच्या बुरुजापाशी सुरुंग उडून खिंडार पडले. दोन्हीकडची पुष्कळ माणसे कामास आली आणि पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. त्यांना शस्त्रांसह मानाने बाहेर पडू दिले. जे ख्रिस्ती लोक मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी, असेही करारात ठरले. आणि इतिहासाचा विनोद असा की, चिमाजी आप्पांनी एवढ्या प्राणांचे मोल देऊन जिंकलेल्या ह्याच वसईत, त्यांच्या भावाच्या नातवाने, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाने, ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह करून पेशवाईचे स्वातंत्र्य त्यांच्या हाती दिले.

जेवणानंतर आम्ही त्या बुरुजाकडे गेलो. पडलेल्या दगडांवर चढून मुलांनी जयघोष केला. चिमाजी आप्पांच्या नावाचा जयजयकार करताना आमचाही ऊर भरून आला. तेवढ्यात तोच मुलगा आमच्याजवळ आला. त्याच्या मनात कसलेही कपट नव्हते. तो म्हणाला, "सर, येथे आम्ही जिंकलो. मग त्या दिवशी तुम्ही हरलात का?"

आम्ही गेली अठरा वर्षे मराठी शिकवीत आहो. सर्वनामांचा धडा शेकडो वेळा घेतला आहे. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो, हे आम्ही मुलांना दरसाल सांगतो. परंतु त्या एका अक्षरातील अंतर इतके मोठे असते, हे आम्हास त्या बुरुजावर कळले. सहकारी बाई मुलास काही बोलणार होत्या. आम्ही त्यांना थांबविले. प्रश्न विचारणाऱ्या मुलास दटावणे म्हणजे त्याच्या मनात तो प्रश्न कायमचा पुरून ठेवणे होय.

आम्हास उत्तर लगेच सुचले नाही. काका मात्र दगडावर बसले आणि त्यांनी मुलास शेजारी बसविले. "बाळा," ते म्हणाले, "आमचे म्हातारे सांगत की, कोटाच्या आत फिरंगी राहायचा. आमच्यासारख्यांनी दिवस मावळला की बाहेर व्हायचे. म्हणजे ह्या भिंतीच्या आत माझे कोणी नव्हते. माझी माणसे बाहेर, वाडीत, केळीला पाणी देत होती. फिरंगी हरला, गलबतात बसला, गेला. आम्ही गेलो नाही. जाणार कोठे? आमचे गाव हेच."

मग आम्हीही बोललो. जे खरे ते मुलांपासून लपवावयाचे नाही, असे आम्ही ठरविले. पोर्तुगीज सत्तेने ह्या किनाऱ्यावर देवळे पाडली, लोकांवर धर्माची सक्ती केली. गोव्यात १५६० साली त्यांनी धर्मन्यायालय बसविले, ते १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. ही सक्ती ज्याच्या नावाने झाली, त्याचीच आम्ही दररोज सकाळी प्रार्थना करतो, म्हणून ती आम्हास अधिक लागते. आमच्या वऱ्हाडात आमच्या आजोबांच्या दाराशी ख्रिस्ताचे नाव आले, ते तोफेच्या मागून आले नाही. ते शाळेच्या पाटीवरून नि दवाखान्याच्या पायरीवरून आले. येथे हरला तो समुद्रापलीकडच्या एका राजाचा अंमल. तो हरला ह्याचे आम्हास दुःख नाही. जो धर्म भिंतीच्या आश्रयाने उभा होता तो भिंतीबरोबर पडला. जो वाडीत केळीला पाणी देत होता तो आजही तेथे आहे. एवढे आम्ही सांगितले. मुलाने मान हलविली. त्यास किती पटले, हे त्या वेळी कळले नाही.

सायंकाळी समुद्राकडील दरवाजाने बाहेर पडलो. बंदरावर कोळ्यांच्या होड्या लागल्या होत्या, मासळी वाळत होती. एका कोळिणीशी काका ज्या बोलीत बोलले, ती मुलांना निम्मीच कळली. तरी ती मराठीच आहे हे ओळखून त्यांना नवल वाटले. काका अभिमानाने म्हणाले, "आमच्या ह्याच तालुक्यातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता' मासिक चालविले, बायबल सोप्या मराठीत आणले, आणि २०२० साली उस्मानाबादेस मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले." उस्मानाबाद म्हणजे आताचे धाराशिव. त्या पदावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू होत. २०२४ साली ते निवर्तले. निरोप घेताना काकांनी प्रत्येक मुलाच्या हातावर एकेक सुकेळे ठेवले. वाळविलेल्या केळ्याचा हा वसईचा मेवा मोताळ्यापर्यंत काही पोहोचला नाही. तो दादरच्या आधीच संपला.

परतताना नाशिकास उतरलो. गोदावरीच्या काठी नारोशंकराचे मंदिर आहे आणि त्याच्या दर्शनी भागी उंचावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. वसईच्या विजयानंतर मराठे सरदारांनी तेथील चर्चच्या घंटा आणून आपल्या देवस्थानांना वाहिल्या. भीमाशंकरास चिमाजी आप्पांनी वाहिलेली घंटा आहे, आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटेवर तर बाळ येशूला घेतलेल्या मरियेचे चित्र अद्याप दिसते. "काका म्हणाले होते ती हीच," असे कोणीतरी म्हणाले, आणि सारी मुले मान वर करून पाहू लागली. आमच्या प्रश्नकर्त्याने बराच वेळ काही विचारले नाही.

शाळेत आल्यावर 'वसईचा किल्ला' ह्या विषयावर आम्ही निबंध लिहावयास सांगितला. बहुतेकांनी खाडी, मासळी नि सुकेळी यांचेच वर्णन केले. तेही वाचनीय होते. त्या मुलाच्या वहीत शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होते, "१७३९ साली वसईस आम्ही जिंकलो." त्यातील 'आम्ही' हा शब्द एका रेघेने खोडलेला होता, आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'आपण' असे लिहिले होते.

वहीत खाडाखोड करू नये, असा आमच्या वर्गाचा नियम आहे. त्या दिवशी आम्ही तो पाळला नाही आणि गुण पुरे दिले.