साडेपस्तीसचा हिशोब

छोटी,

रोवणी आटोपली आणि तू ‘अणूचे अंतरंग’ हा धडा घेऊन बसलीस, हे ताईकडून कळलं. क्लोरिनचं अणुवस्तुमान ३५.५, मग हा अर्धा प्रोटॉन आला कुठून, असं सरांना विचारलंस म्हणे. छान केलंस. एकोणिसाव्या शतकातल्या रसायनतज्ज्ञांनाही हा अर्धा सलत होता. १९१९ च्या सुमारास केंब्रिजमध्ये अ‍ॅस्टनने अणू वजनावारी वेगळे करणारं यंत्र बांधलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. ३५.५ वजनाचा क्लोरिनचा अणू जगात एकही नाही! चारांतले साधारण तीन ३५ चे, एक ३७ चा. बेरीज करून चाराने भाग, बघ काय येतं. प्रोटॉन दोघांतही १७च. न्यूट्रॉन एकात १८, दुसऱ्यात २०. वरणातल्या मिठात आणि टाकीतल्या ब्लिचिंग पावडरीतही हे दोघं जवळपास याच प्रमाणात.

प्रोटॉन तेवढेच पण वजन वेगळं, अशा अणूंचे, म्हणजे समस्थानिकांचे, रासायनिक गुणधर्म सारखेच, असं पुस्तक म्हणतं. परीक्षेत तेच लिही. मनात मात्र ‘जवळजवळ सारखेच’ असं ठेव, कारण आपल्या फुलचूर गावच्या बांधीतलं धानही हा वजनातला फरक ओळखतं. हवेतल्या कार्बनचे शंभरातले साधारण ९९ अणू १२ वजनाचे, एखादाच १३ चा. धानाच्या पानातलं रुबिस्को नावाचं विकर हलक्या कार्बनचा वायू किंचित लवकर पकडतं. त्यामुळे तांदळात कार्बन-१३ हवेपेक्षा दोनेक टक्क्यांनी कमी भरतो. ज्वारी, मका आणि ऊस यांची कार्बन पकडायची रीत निराळी, त्यांच्यात ही घट फार थोडी. म्हणून जुन्या हाडांतला कार्बन मोजला की तो माणूस भात खाणारा की ज्वारीची भाकर खाणारा, याचा अंदाज बांधता येतो. मला तर हे अणुबॉम्बपेक्षा नवलाचं वाटतं.

मधाची भेसळही अशीच पकडतात. फुलं बहुतेक धानाच्या रीतीची, साखर उसाची. साखरेचा पाक घातला की कार्बन-१३ वाढलेला दिसतो. पण पाक तांदळापासून केलेला असला, की ही चाचणी हमखास फसते आणि वेगळ्या तपासण्या कराव्या लागतात. का फसते, ते मला सांगायची गरज नाही. पुढच्या पत्रात तूच लिहून पाठव. ताई-भाऊजींना नमस्कार.

तुझा मामा